एआरटीची गोळी चुकते कुठं, आणि त्यावर काय करायचं

मी २०११ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्यांवर आहे. त्यावेळी सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ३५० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या सुरू करत नव्हते, माझा तर लईच खाली होता, आणि गोळी दिवसातून दोनदा, सकाळी आठ रात्री आठ. मी टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रातपाळी, आता जिथं चार माणसं शेजारी उभी आहेत तिथं खिशातनं डबी काढून गोळी कशी घ्यायची सांगा. तीन वर्षं ओढली कशीबशी आणि २०१४ ला अडीच महिने सगळं बंद केलं. परत सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला गेलो तेव्हा वजन ४१ किलो आणि सोबत टीबी.

आता बरा आहे, व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते बघणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर टीएनडी येतं म्हणजे विषाणू सापडतच नाही. गेली काही वर्षं नवीन लोकांशी बोलायला बसतो आणि एक गोष्ट पक्की कळलीय, गोळी का चुकली विचारलं की प्रत्येक जण आधी म्हणतो "विसरलो." दहा मिनिटं बसलं, चहा झाला, की खरं निघतं. सासू समोर बसली होती. रजा मिळाली नाही. उपास होता. गोळ्या गावाकडं राहिल्या. ज्याला खरंच विसर पडतो त्याला अलार्म पुरतो, बाकीच्यांना नुसता अलार्म सांगून काही उपयोग नाही, म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय.

आधी थोडं समजून घ्या, मग पुढचं पटेल. गोळी विषाणू मारून संपवत नाही, त्याची वाढ थांबवून ठेवते. रक्तात औषध पुरेसं आहे तोवर तो गप्प. गोळ्या बंद झाल्या की काही आठवड्यांत परत वाढायला लागतो, आणि दोन दिवस घेतली तीन दिवस सोडली असं चाललं तर अजून वाईट, कारण थोड्या औषधात वाढता वाढता तो त्या औषधाला सरावतो आणि मग तीच गोळी लागू पडत नाही. १०० पैकी ९५ च्या वर गोळ्या पोटात गेल्या पाहिजेत असं एआरटी सेंटरवर, म्हणजे जिथून गोळ्या मिळतात तिथं, सांगतात. महिन्याच्या ३० पैकी २ चुकल्या तरी हिशोब ९३ वर येतो. आत्ताच्या टीएलडी गोळीत, म्हणजे टेनोफोविर लॅमिव्ह्युडीन डोल्युटेग्राविर तिन्ही एकात, थोडी चूक पोटात घालायची ताकद जुन्या गोळ्यांपेक्षा जास्त आहे, पण तिच्या भरवशावर ढिलं पडू नका.

पहिलं काम: महिनाभर खुणा करा

भिंतीवर कॅलेंडर असतंच. दुधाच्या खुणा करतो तसा गोळी घेतली की त्या तारखेवर बारीक ठिपका, घरात कुणी विचारणार पण नाही. चुकली तर ठिपका नाही, आणि त्याच दिवशी एक अक्षर लिहायचं: पाळीचा "पा", गावाचा "गा", माणसं होती तर "मा", दारू तर "दा", मन नव्हतं तर "म". महिना झाला की बघा कुठलं अक्षर सारखं येतंय. तीच तुमची अडचण, पहिल्यांदा तिच्यावरच काम करायचं, सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. माझ्या कॅलेंडरवर "पा" आणि "मा" सोडून तिसरं अक्षर जवळजवळ नव्हतंच, मी मात्र तीन वर्षं समुपदेशक मॅडमना विसरलो विसरलोच सांगत होतो.

वेळ ठरवताना घड्याळ सोडा, काम धरा

रोज एकच वेळ हे बरोबर आहे, पण ती वेळ तुमच्या दिवसात बसणारी पाहिजे. टीएलडी दिवसातून एकदाच असते, सकाळी घ्या नाहीतर रात्री, दोन्ही चालतं. म्हणून असं काम शोधा जे काहीही झालं तरी रोज होतंच. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, त्यामुळं पाण्याला जोडून चालत नाही, पण दात घासणं आहे, देवापुढची दिवाबत्ती आहे, विड्यांची पानं भिजत घालणं आहे, रात्री दाराला कडी घालणं आहे. अशोक चौकाच्या बाजूच्या एक अक्का विडीचं सूप मांडीवर घ्यायच्या आधी गोळी घेतात, नऊ वर्षं झाली, घड्याळ बघत नाहीत.

पाळी बदलणाऱ्यांसाठी माझं जे जमलं ते सांगतो. दोन्ही पाळ्यांत मी ज्या वेळी घरीच असतो अशी वेळ मी शोधली, ती निघाली सकाळी साडेआठ. दिवसपाळीला तेव्हा कारखान्यात असाल तर पाळीला निघतानाची सहा-साडेसहाची धरा, रातपाळीवरून आल्यावर तोंड धुतलं की घ्या, तास-दोन तास पुढंमागं झाल्यानं काही बिघडत नाही. बारा तास पुढं गेली तर मात्र ती सवय मोडायची सुरुवात असते, हे मी अनुभवानं सांगतोय.

आणि चुकलीच तर? आठवेल तेव्हा लगेच घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

लपवणं, आणि कुणाला सांगणं

सगळ्यात जास्त गोळ्या इथं चुकतात. दोन खोल्यांचं घर, सात माणसं, कपाट एक. गोळ्यांची प्लास्टिकची बाटली हलवली की खुळखुळते आणि त्यावर नाव छापलेलं. माणसं काय करतात, बाटली फेकून गोळ्या कागदात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवतात. असं करू नका, गोळीला ओल लागते. बाटलीत जी छोटी पुडी असते ती ओल शोषायलाच दिलेली असते, ती काढून टाकू नका. वरचं लेबल काढलं तर चालेल, पण त्याआधी गोळीचं नाव आणि मुदतीची तारीख सेंटरवरून मिळालेल्या आपल्या एआरटीच्या पुस्तकात लिहून ठेवा. खुळखुळ आवाज येतो तर आत स्वच्छ कोरडा कापूस घाला. मोठी बाटली आत ठेवून पाच-सहा दिवसांच्या गोळ्या छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत काढून जवळ ठेवता येतात. आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेवा, पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या घरात पत्र्याला लागून फळीवर बाटली नको, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. जमिनीलगत, सावलीत, माठाजवळ नव्हे पण माठ ठेवतो तशा थंड कोपऱ्यात ठेवा.

कुणी विचारलंच तर उत्तर आधीच तयार पाहिजे. थायरॉइडची आहे, रक्त वाढायची आहे, जे पटेल ते, पण ठरवून ठेवा म्हणजे ऐनवेळी तोंड उतरत नाही. कुणी याला खोटं म्हणेल, मी म्हणत नाही, स्वतःचा आजार कुणाला सांगायचा हा हक्क तुमचा आहे आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातही तेच आहे, हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही, या कारणावरून कामावरून काढता येत नाही, राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. नवरा गेल्यावर सुनेला घराबाहेर काढलं अशा बाया मी स्वतः बघितल्यात, त्यांना हे कलम कुणी सांगितलंच नव्हतं.

तरीपण घरात एक माणूस तरी माहितीतला असावा असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्यांना सांगायची गरज नाही. एकच. बहीण असेल, मोठा मुलगा असेल, मैत्रीण असेल. मी माझ्या थोरल्या बहिणीला सांगायला तीन वर्षं लावली आणि सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग जेवला का नाहीस अजून, गोळी कधी घ्यायची असते?" त्या दिवसापासून रोज रात्री तिचा एक मिस्ड कॉल यायचा. सांगायचं कसं जमत नसेल तर सेंटरवरच्या समुपदेशकासमोर त्या माणसाला घेऊन जा, तिथं सांगणं सोपं जातं. नवरा-बायकोच्या बाबतीत तर जोडीदाराची तपासणी पण त्यातच होऊन जाते. आणि हे जरूर सांगा, नियमित गोळ्या घेऊन व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे ऐकून लोकांच्या डोळ्यात पाणी येतं, कारण कितीतरी जोडपी भीतीनं वेगळी झोपत असतात.

जेवण, उपास, दारू, दुसरी औषधं

"पोटात काही नव्हतं म्हणून नाही घेतली." विडी कामगार बायांकडून आणि ऊसतोडीवरून आलेल्यांकडून हे सारखं ऐकतो. टीएलडी उपाशीपोटी पण चालते. भाकरी नसेल त्या दिवशी सुद्धा गोळी पाण्यासोबत घ्यायची. कुणाला सुरुवातीला मळमळतं, त्यांनी काहीतरी खाऊन घ्यावी, अर्धी भाकरी शेंगाचटणी पुरे झाली. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, उपासात गोळी आणि घोटभर पाणी चालतंच की. रोजे असतील तर वेळ सहरीला नाहीतर इफ्तारला आणायची, रमजान सुरू व्हायच्या आधीच मॅडमना सांगून ठरवा.

दारूचं सांगतो, कारण इथं समज उलटा आहे. "आज घेतलीय, मग गोळी नको, एकत्र झालं तर विष होतंय." असं काही नाही. दारू लिव्हरला वाईट आहे, माणूस तिच्यात वेळ विसरतो, आणि ती सोडायला मदत हवी असेल तर मागा, पण प्यालात म्हणून वर गोळी चुकवली तर दुहेरी नुकसान. संध्याकाळी बसायची सवय असेल तर गोळी सकाळवर आणा. एवढा एक बदल करून सुधारलेली माणसं आहेत.

दुसऱ्या औषधांत चार गोष्टी नीट ध्यानात ठेवा. गॅसची पातळ औषधं किंवा चघळायच्या गोळ्या, डायजीन जेलुसिलसारख्या, त्या टीएलडीला पोटात धरून ठेवतात आणि औषध रक्तात नीट जात नाही, म्हणून टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायची. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या, ज्या गरोदर बायकांना देतात, त्या उपाशीपोटी टीएलडीसोबत नकोत, जेवणासोबत दोन्ही एकत्र घेतल्या तर चालतात. टीबीचं औषध चालू झालं असेल तर रिफाम्पिसिनमुळं डोल्युटेग्राविर कमी पडतं, म्हणून १२ तासांनी डोल्युटेग्राविरची जादा गोळी देतात, ती दिली नसेल तर स्वतः विचारा. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, तिचा डोस बघावा लागतो. टीबीचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, एआरटीचे वेगळे, सगळ्यांना जोडणारं तुमचं पुस्तकच आहे, ते प्रत्येक ठिकाणी दाखवायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, तरी दाखवा. मला एका खासगी दवाखान्यात पुस्तक बघून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, लागलं मनाला, पण दुसरीकडं गेलो आणि परत दाखवलं.

जडीबुटीवाले आहेत, पूर्ण बरा करतो म्हणून महिन्याला हजारो रुपये घेतात आणि पहिली अट घालतात की एआरटी बंद करा. आत्ता तरी एचआयव्ही पूर्ण घालवणारं असं कुठलंही औषध बाजारात नाही. अट ऐकली की उठून या.

गोळी सुरू केली आणि जास्तच आजारी पडलो

हे ऐकून मी आता दचकत नाही. प्रतिकारशक्ती फार कमी असताना गोळ्या सुरू केल्या की पहिल्या काही आठवड्यांत ती जागी होते आणि आत दडून बसलेला टीबी वगैरे वर येतो, ताप, गाठी, खोकला. माणसाला वाटतं गोळीनंच केलं आणि तो बंद करतो, आणि नेमका तेव्हाच बंद करणं सगळ्यात धोक्याचं. ताप आला तर गोळी चालू ठेवून सेंटरवर जा. टीएलडीमुळं काहींची झोप उडते, ती रात्रीची सकाळी केली की बहुतेकांचं भागतं, वजन पण वाढतं काहींचं. जुन्या इफाविरेंझच्या गोळीनं चक्कर आणि विचित्र स्वप्नं पडायची, ते ऐकून आजही लोक घाबरतात, पण ती गोळी आता नवीन पेशंटला पहिली म्हणून देत नाहीत. अंगावर पुरळ उठून तोंडात फोड आले, डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली तर वाट न बघता त्याच दिवशी जायचं. ज्यांना हिपॅटायटिस बी पण आहे त्यांनी तर मनानं गोळी कधीच थांबवायची नाही, यातलीच दोन औषधं त्या विषाणूला पण दाबून ठेवतात आणि एकदम बंद केल्यावर लिव्हर भडकू शकतं.

सेंटरची फेरी आणि बुडणारी मजुरी

गोळी फुकट आहे, २००४ च्या एप्रिलपासून सरकार देतं. पण मंगळवेढ्याहून किंवा करमाळ्याहून सोलापूरला यायचं म्हणजे भाडं, दिवसाची मजुरी, आणि लाइनीत कुणी ओळखीचं दिसेल ही धास्ती. विडीवाल्या बाईचा एक दिवस गेला की त्या दिवसाच्या हजार विड्या गेल्या.

इथं चार रस्ते आहेत. पहिला, तुमची तब्येत स्थिर असेल, तारखा पाळत असाल, व्हायरल लोड आटोक्यात असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, आपणहून मागा, "मॅडम मला एमएमडीत बसवता येईल का" असं सरळ विचारा, एमएमडी म्हणजे हीच जास्त महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायची सोय. दुसरा, गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात लिंक एआरटी सेंटर, म्हणजे मोठ्या सेंटरला जोडलेलं छोटं केंद्र, असेल तर तिथं जोडून घ्या. तिसरा, उलटा: गावात ओळखतील म्हणून काही जण मुद्दाम लांबचं सेंटर घेतात, त्यात चूक काहीच नाही, पण मग भाड्याचे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच वेगळे बांधून ठेवा. चौथा, एचआयव्ही असलेल्यांना संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो, उत्पन्नाची अट आहे, तहसीलला कागद लागतात, आणि एसटीच्या प्रवासातही सवलत आहे, सेंटरवरून त्यासाठी कुठला दाखला मिळतो ते विचारा. योजनेचा अर्ज भरताना गावातल्या कुणाच्या हातात कागद पडेल याची भीती असते, म्हणून सेंटरवरच्या संस्थेच्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन जा.

तारखेच्या चार-पाच दिवस आधी जायचं ठेवा. गोळ्या संपायच्या दिवशी गेलात आणि त्या दिवशी नेमका संप, पाऊस नाहीतर सुट्टी निघाली तर मधे खंड पडतो. गड्ड्याची यात्रा, दिवाळी, आषाढी, या दिवसांच्या आधीच उरकून घ्या. सेंटरवर फोन नंबर देताना सांगा की घरी माणूस पाठवू नका, आधी फोन करा, आणि फोन घरात दुसरं कुणी उचलतं का तेही सांगा. तारीख चुकली की शोधायला येतात आणि गल्लीत चर्चा होते या भीतीनं काही जण पत्ताच खोटा देतात, त्यापेक्षा हे बरं.

गाव सोडताना

ऊसतोड, ट्रक, पुण्यातलं बांधकाम, वारी, माहेर. बाहेर जाणारा माणूस निघायच्या गडबडीत गोळ्या मोजत नाही. हिशोब असा करा: जितके दिवस जायचंय त्यात दहा दिवस वाढवून तेवढ्या गोळ्या सोबत, आणि त्या दोन ठिकाणी, अर्ध्या स्वतःच्या अंगावरच्या पिशवीत, अर्ध्या सामानात. ऊसतोडीला चार-पाच महिने जाणार असाल तर टोळी हलायच्या आधी सेंटरवर सांगा, जाताय तिथल्या जवळच्या सेंटरवरून गोळ्या मिळण्याची सोय करता येते, त्यासाठी पुस्तक जवळ हवं. पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कोपीत पाऊस शिरला तर फोटो कामाला येतो. अडकलात तर १०९७ या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा, तो फुकट लागतो.

बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या पोरींचं वेगळं सांगतो कारण इथं बाळाचा प्रश्न आहे. सासरी नवऱ्यामुळं गोळ्या उघड चालू असतात, माहेरी आई-वडिलांना माहीत नसतं, माहेर कलबुर्गीकडं नाहीतर तेलंगणात. नेमक्या शेवटच्या दोन महिन्यांत गोळ्या चुकतात. आईनं नीट गोळ्या घेतल्या आणि बाळाला जन्मल्यावर औषध दिलं तर बाळाला लागण होण्याची शक्यता १०० त ५ च्या खाली येते. म्हणून सातव्या महिन्यातच ठरवायचं की डिलिव्हरी कुठं, गोळ्या कुठून, बाळाचं औषध कोण देणार.

लहान मुलांचा डोस वजनावर असतो, मूल वाढलं की गोळी बदलते, म्हणून मुलाला घरी ठेवून नुसत्या गोळ्या आणायला जाऊ नका. आणि मूल शाळेत जायला लागलं की थोडं थोडं खरं सांगायला सुरू करा, बाराव्या वर्षी अचानक बाहेरून कळलेली पोरं गोळ्या फेकून देतात.

मन उठतं तेव्हा

कॅलेंडरवर "म" अक्षर जास्त येत असेल तर ते हलक्यात घेऊ नका. मी अडीच महिने सोडल्या तेव्हा मला कुठली पाळी नडत नव्हती, झोप नव्हती, जेवण नव्हतं, कशासाठी जगायचं असं झालं होतं. उदासपणाला औषध आहे, सिव्हिलला मानसिक आजाराची ओपीडी आहे, एआरटीच्या डॉक्टरांना एवढंच सांगा की मन लागत नाही, ते पाठवतात. बरं वाटतंय म्हणून सोडणारे पण खूप आहेत, बरं वाटतंय ते गोळीमुळं वाटतंय.

सोडून बरेच दिवस झाले असतील तर

लोक सेंटरवर जायला आजारापेक्षा ओरडा खाण्याला जास्त घाबरतात. मी गेलो तेव्हा जिना चढून दोनदा परत आलो होतो. कपाटात उरलेल्या जुन्या गोळ्या मनानं सुरू करू नका, आधी जा. पुस्तक हरवलं असेल तरी जा, रजिस्टरला नाव असतं. आत गेल्यावर खरा आकडा सांगा, किती दिवस बंद होत्या आणि का, कारण त्यावरून ते टीबीची तपासणी, सीडी४ आणि पुढं व्हायरल लोड ठरवतात. "रोज घेतो" असं खोटं सांगितलं आणि व्हायरल लोड वाढलेला निघाला तर डॉक्टरांना वाटतं गोळीच लागू पडत नाही, आणि विनाकारण पुढच्या लाइनच्या गोळ्यांचा विचार सुरू होतो. तिथं कुणी टाकून बोललंच तर समुपदेशकांना सांगा, नाहीतर ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन परत जा.

जाताना सोबत: पुस्तक असेल तर पुस्तक, आधार कार्ड, उरलेल्या गोळ्यांची बाटली, चालू असलेल्या इतर औषधांच्या पट्ट्या, कॅलेंडरचं ते पान. सकाळी लवकर निघा, डबा आणि पाण्याची बाटली घ्या, आणि निघायच्या आधी त्या एका माणसाला फोन करून सांगा की मी आज जातोय.